बुरशीसाठी स्थळ

बुरशी वाढवायला अक्कल लागत नाही. पावसाळ्यात ती कपाटातल्या चपलांवर येते, परवाच्या पावावर येते, फ्रिजच्या दाराच्या रबरात तर ती आमच्या सोलापूरसारख्या कोरड्या गावातही बारा महिने सुखानं नांदते आणि तिला तिथून हुसकायला घरोघरी बायका जुने टूथब्रश घेऊन बसलेल्या असतात. अशा गावात बुरशी वाढवण्यासाठी दरमहा फेलोशिप घेणारा, पीएचडी झालेला, जाड भिंगांचा एक इसम होता आणि त्याच्या हातून ती काही केल्या वाढत नव्हती. म्हणजे वाढत होती. भलतीच वाढत होती.

पीएचडी झाल्यावर कायमची नोकरी लागेपर्यंत आमच्यासारखे लोक जे करत बसतात त्याला पोस्टडॉक म्हणतात. माझा विषय होता, पिकांना रोग पाडणाऱ्या बुरशीत बाहेरचं जनुक घालणं. बुरशी निवडली होती मॅक्रोफोमिना फॅसिओलिना. इतकं नटवं नाव घेऊन ती आमच्याकडच्या शिवारात काय करते, तर रब्बी ज्वारीत दाणा भरायच्या सुमारास जमिनीतली ओल तुटली आणि ऊन चढलं, की मुळातून ताटात शिरते आणि आतला गाभा फस्त करते. ताट उभं चिरलं की आत कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके दिसतात. बाहेरून धडधाकट दिसणारं पीक एका वाऱ्यात आडवं होतं आणि शेतकरी म्हणतो, खडखड्या आला. ते काळे ठिपके मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहतात, आणि ज्वारीच पाहिजे असंही काही नाही. ५०० हून अधिक जातींच्या झाडांवर ही बया गुजराण करते. ती जगत नाही अशी एकच जागा मला सापडली. माझी बशी.

तागाचं नुकसान करते म्हणून बांगलादेशातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तिचा सगळा जनुकसंच वाचून काढला. जनुकं निघाली चौदा हजारांवर. त्यातली उपद्व्यापी कुठली, हे शोधायची एक सोपी (असं पुस्तकात म्हटलंय) रीत आहे: बाहेरचा एक डीएनएचा तुकडा तिच्या जनुकसंचात कुठंतरी घुसवायचा. तो ज्या जनुकात बसेल ते जनुक बंद पडेल. मग त्या बुरशीला रोग पाडता येतो का, बघायचं. त्या तुकड्यासोबत जेलीफिशच्या त्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुकही द्यायचं, ज्या प्रथिनाच्या शोधाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे ताटाच्या आत बुरशी कुठवर पोचली ते सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत दिसतं.

आता हा तुकडा आत न्यायचा कुणी? त्यासाठी ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू आहे. झाडांच्या खोडाला गाठी आणणारा हा मूळचा उपद्रवी प्राणी, पण आपल्या डीएनएचा तुकडा दुसऱ्याच्या पेशीत सोडायची कला त्याला उपजत येते. ही कला तो बुरशीवरही चालवतो, हे नेदरलँड्समधल्या मंडळींनी १९९८ मध्ये दाखवलं. तेव्हा माझ्याकडं काम उरलं ते फक्त मध्यस्थाचं. मुलाकडचे तयार, मुलगी तयार, दोघांना एका बशीत दोन दिवस एकत्र बसवायचं, मुलाला हुरूप यावा म्हणून जखमी झाडातून पाझरणारं ॲसिटोसिरिंगोन नावाचं रसायन थोडं शिंपडायचं, आणि आपण बाजूला व्हायचं. मुलाची अट एकच होती. तापमान २८ अंशांच्या वर गेलं, की डीएनए पलीकडं पोचवायची त्याची नळीच नीट तयार होत नाही.

आणि मुलगी सोलापूरची. तिला तिशी-पस्तिशीच्या खाली करमत नाही.

मी कामाला सुरुवात केली ती एप्रिलात. सोलापुरात एप्रिलात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, हे जन्मल्यापासून माहीत असलेला माणूस एप्रिलातच का सुरुवात करतो, याचं उत्तर माझ्या कुंडलीत असावं. खोलीला एसी होता, पण दुपारी वीज गेली की तोही जायचा, आणि वीज आली तरी तो लगेच यायचा असं नाही. मग मी खिडक्यांवर ओल्या चादरी टांगल्या, रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, ती धुण्याच्या टबात ठेवली, त्यावर बशांची चवड रचली आणि समाधानानं खुर्चीत डोळा लावला. जाग आली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि बशा त्यात तरंगत होत्या. ॲग्रोबॅक्टेरियमला शेपटीसारखे तंतू असतात, त्याला पोहता येतं. तो वाचला.

पुढं पावसाळ्यात हवा जरा निवली तेव्हा दुसरंच संकट आलं. बशांत पांढऱ्या कापसासारखं काही उगवलं, दोन दिवसांत ते हिरवंगार झालं, आणि मी हर्षानं सरांना हाक मारली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ती ट्रायकोडर्मा होती. खडखड्यासारख्या रोगांना मारायला शेतकरी जी बुरशी पैसे मोजून पिशवीतून विकत आणतात आणि बियाण्याला चोळतात, ती माझ्या बशीत आमंत्रणाशिवाय आली होती आणि माझी बुरशी मुळासकट खाऊन वर ढेकर देत होती. "हातात गुण आहे तुमच्या," सर म्हणाले. त्यांचा सूर मला अजून नीट लागलेला नाही.

जंतुविरहित काम कसं करायचं, याचं मला कागदोपत्री भरपूर ज्ञान होतं. ते वाया जाऊ नये म्हणून त्या वर्षी कैरीचं लोणचं बरणीत मी भरतो, असं मी आईला सांगून ठेवलेलं होतं. आई दरवर्षी बरणी धुऊन कडक उन्हात पालथी घालते, हात कोरडे करते, वर तेलाचा थर देते, आणि ओला डाव बरणीजवळ आणणाऱ्याला घरात वारस म्हणून स्थान देत नाही. मी मात्र बरणीच्या तोंडावर स्पिरिट फवारलं, हातमोजे चढवले, तोंडाला पट्टी बांधली आणि तेल अडीच बोटं पाहिजे की दोन, यावर आईशी वाद घातला. आमच्या घराच्या ज्ञात इतिहासात लोणच्याला बुरा आला तो त्याच वर्षी. आईनं बरणी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "ही चालेल का रे तुझ्या सरांना?"

या दिवसांत मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर बुरशीच्या जगातल्या बातम्यांनी. गव्हावर करपा आणणाऱ्या एका बुरशीनं विष तयार करायचं आख्खं जनुक दुसऱ्या बुरशीकडून १९४१ च्या सुमारास परस्पर उचललं, असं २००६ मध्ये सिद्ध झालं. टोमॅटोची मर आणणाऱ्या फ्युजेरियमला निरुपद्रवी भावाशेजारी नुसतं वाढवलं, तर तिनं त्याला रोग पाडणारं अख्खं गुणसूत्र देऊन टाकलं, हे २०१० मध्ये छापून आलं. ना फेलोशिप, ना बर्फाची लादी. माझ्याकडं तर १९८९ च्या नियमांप्रमाणं जैवसुरक्षा समितीची रीतसर परवानगीही होती. सह्या माझ्याकडं, गुणसूत्रं त्यांच्याकडं.

आणि मग एका संध्याकाळी चमकलं. खरंच चमकलं. काळ्याकुट्ट पडद्यावर एक हिरवा तंतू, लांब, डौलदार, मधूनच वळसा घेतलेला. मी श्वास रोखून बघत राहिलो, फोटो काढला, सरांना पाठवला, बायकोला पाठवला, मंगळवेढ्याच्या मामांनासुद्धा पाठवला, येताना नवी पेठेतून पेढे आणले आणि प्रयोगशाळेच्या रखवालदारापासून सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सर पेढा खात खातच सूक्ष्मदर्शकात वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, "बुरशीचा तंतू फार तर पाच-सात मायक्रॉनचा असतो. हा वीसचा आहे. तुम्ही चष्मा कशानं पुसता?"

मी चष्मा टॉवेलच्या तुकड्यानं पुसत होतो. अस्सल सोलापुरी टर्किश टॉवेल, हिरव्या काठाचा. जगभर जाणाऱ्या मालाचा एक धागा माझ्या बशीतही आला होता, आणि निळ्या प्रकाशात झगमगत होता. पेढे संपले होते.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, जानेवारीत, एसी बंद ठेवूनही खोली पंचविशीच्या आत राहायला लागली आणि ज्या हायग्रोमायसिन नावाच्या औषधाच्या बशीत साधी बुरशी मरते, तिथं चार-दोन काळसर ठिपके वाढले. मी कुणाला सांगितलं नाही. चष्मा धोतराच्या फडक्यानं पुसला. डीएनए तपासून झाला, पट्टी हवी तिथं आली, सरांनी पाहिली आणि म्हणाले, "आता रोग पाडून दाखवा."

रोग पाडायची आमची रीत गावठी आहे. दात कोरायच्या काड्यांवर बुरशी वाढवायची आणि ज्वारी फुलोऱ्यात आली की ती काडी ताटात खुपसायची. एवढ्या काड्या मी किराणावाल्याकडून नेल्या, की त्यानं मला खानावळ काढल्याबद्दल शुभेच्छा दिल्या आणि डबा लावायचे दर विचारले. पुढच्या रब्बीत दुहेरी दाराच्या जाळीघरात कुंड्यांमध्ये मालदांडी लावली, काड्या टोचल्या, माळ्याला बजावून ठेवलं की आता पाणी तोडायचं, थेंबभरसुद्धा घालायचं नाही. माळी शब्दाचा पक्का निघाला. महिन्याभरानं ताटं चिरली तर आतून पांढरीशुभ्र. माझं जनुक लागलं! रोग पाडणारं जनुक बंद पडलं! मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं, आणि मग सवयीनं तुलनेसाठी ठेवलेल्या कुंड्या चिरल्या. त्यांच्यात मंगळवेढ्याच्या रानातून आणलेली मूळची, अस्सल, खुनशी बुरशी टोचली होती. तीही ताटं पांढरीशुभ्र.

मामा त्याच आठवड्यात दवाखान्याच्या कामानं सोलापुरात आले होते. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं मामांची काळी जमीन आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी खडखड्या तिथं मुक्कामाला असतो. त्यांना आत नेता येत नव्हतं, म्हणून जाळीबाहेर उभं करून उरलेल्या कुंड्या दाखवल्या.

"म्हंजे तू रोगाला आनि जोर यावा म्हणून सुई टोचायलास?" मामांनी विचारलं.

मी त्यांना जनुक समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. नजर मात्र ज्वारीच्या रुंद, तजेलदार पानांवर.

"ह्यास्नी पाणी कोण घालतंय?"

"कुणी नाही. बंद केलंय. पाणी तोडल्याशिवाय खडखड्या येत नाही, मामा."

"ते मला सांगतुस व्हय? मग ती झारी कुणाची?"

झारी माझी होती. रविवारी माळी सुटीवर असतो, कुंड्यांतली ज्वारी माना टाकून उभी असते, आणि लहानपणापासून तुळशीला पाणी घालायची सवय असलेल्या माणसाला ते बघवत नाही. जरासंच घालत होतो. दर रविवारी जरासंच.

मामांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"ह्या साली पेरणी झाली की रानात ये माझ्या," ते म्हणाले. "औषध-बिवशद काय आणू नगंस. नुसता ये, आनि रोग पाडायचा प्रयत्न कर."