गटार नकाशात आहे

आमच्या वसाहतीच्या माहितीपत्रकात क्लबहाउसला दोन पानं दिली आहेत, जॉगिंग ट्रॅकला एक. सांडपाणी कुठे जाणार, हे शोधायला मात्र भिंग लागतं. मैलाशुद्धीकरण प्रकल्प आहे बरं का! भोगवटा प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत तो चालूही होता. हल्ली त्या खोलीत गणपतीच्या मांडवाचे बांबू ठेवतात आणि मैला उपसायला टँकर येतो. तो पुढे कुठे रिकामा होतो, हे विचारणं सभ्यपणाचं समजत नाहीत.

पावसाळी गटाराची तऱ्हा याहून सरस. मंजूर नकाशात ते निळ्या रेघेने ऐटीत वाहतं. जमिनीवर झाकणंही आहेत. एक उचलून पाहिलं तर खाली हातभर पाइप, पुढे माती. मूळचा ओढा होता तिथे आता पार्किंग आहे. पण पाण्याला सातबारा वाचता येत नाही. ते जुन्याच पत्त्यावर येतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढा असाच घरी परतला, आणि माणसं, गाड्या, भिंती घेऊन गेला.

मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तेही ओहोटी गृहीत धरून. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला.

आमच्याकडे दुसऱ्या टप्प्याचं बुकिंग दसऱ्याला सुरू होतंय. तळमजल्यावरच्या घरांना ‘लेक व्ह्यू’चे जादा पैसे पडतील.