ओव्हरक्लॉकर नावाचा चिक्कू माणूस

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणारा माणूस धाडसी असतो, असा लोकांचा पक्का समज आहे. कंपनीने नेमून दिलेली गती त्याला पुरत नाही, तो रात्री-अपरात्री बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरतो, आकडे चढवत नेतो आणि कॅबिनेटमधून धूर निघाल्याशिवाय थांबत नाही, असं चित्र डोळ्यांसमोर असतं. या समजाला तो स्वतःही खतपाणी घालतो. त्याच्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा कायमचा निघालेला असतो, टेबलावर थर्मल पेस्टची सिरिंज लोळत असते आणि ‘परवा पाच गिगाहर्ट्झ मारला’ या चालीची वाक्यं तो चहा पिता पिता टाकत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, याचे पैसे वायदेबाजारात असणार. प्रत्यक्षात ते पोस्टाच्या आवर्ती ठेवीत असतात. माझं म्हणणं असं, की ज्याला हे काम खरोखर जमतं तो माणूस मूळचा चिक्कू, हिशेबी आणि बराचसा भित्रा असतो. आणि नवशिक्याला यात सुखरूप राहायचं असेल तर त्याने शौर्याची नव्हे, या चिकटपणाची शिकवणी लावावी.

या छंदाचा जन्मच काटकसरीच्या पोटी झाला आहे. एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या चिप सारख्या उतरत नाहीत. कंपनी त्यांची चाचणी घेते, वर्गवारी करते आणि प्रत्येक वर्गावर अशी गती छापते, की त्यातली सगळ्यात मठ्ठ चिपसुद्धा साध्या कूलरखाली, कोंदट खोलीत, वर्षानुवर्षं ती निभावून नेईल. शिवाय स्वस्त मालाला मागणी जास्त असली, की चांगल्या चिपवरही स्वस्तातला छाप बसतो. म्हणजे छापील गती आणि खरी कुवत यांच्यात थोडी जागा उरते. भाजीच्या पैशांत मूठभर कोथिंबीर पदरात पाडून घेतल्याशिवाय ज्याचा पाय मंडईतून निघत नाही, त्या गिऱ्हाइकाला ही जागा दिसली आणि ओव्हरक्लॉकर जन्माला आला. त्याचं सुवर्णयुग 1998 च्या ऑगस्टमध्ये उगवलं. इंटेलने सेलेरॉन 300ए नावाचा 300 मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या गतीला गुणून प्रोसेसरची गती ठरवणारा आकडा, साडेचार होता आणि मदरबोर्डची बस 66 मेगाहर्ट्झची. ती बस 100 वर नेली, की साडेचारने गुणून 450 मेगाहर्ट्झ होतात, आणि यातल्या बऱ्याच चिप तक्रार न करता त्या गतीने पळत. हा प्रोसेसर दीडशे डॉलरच्या आतबाहेर मिळे. 450 मेगाहर्ट्झचा पेन्टियम टू त्याच सुमारास साडेसहाशे डॉलरच्या वर होता. हा गुणाकार ज्याच्या डोक्यात प्रथम चमकला, त्याला साहसवीर म्हणण्यात अर्थ नाही. तो वाणसामानाची यादी पडताळणारा माणूस होता.

त्याची हत्यारंही पाहण्यासारखी आहेत. ज्या मदरबोर्डांवर बस बदलायची सोय नव्हती, तिथे या मंडळींनी सेलेरॉनच्या बी-21 क्रमांकाच्या पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. मदरबोर्डची समजूत झाली, की हा 100 च्या बसचा प्रोसेसर आहे. पुढे 2000 च्या आसपास एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉन प्रोसेसरांच्या पृष्ठभागावरच काही बारीक जोड तोडलेले असत, म्हणजे मल्टिप्लायर बदलता येऊ नये. ते जोड या लोकांनी शिसपेन्सिलीने पुन्हा रेघ ओढून सांधले, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. अब्जावधी डॉलरच्या कारखान्यात घातलेलं कुलूप मुलाच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीने उघडलं, यात एका विशिष्ट स्वभावाच्या माणसाला जो आनंद होतो त्याला तोड नाही. कंपन्याही शहाण्या झाल्या. 2011 च्या जानेवारीत इंटेलने सँडी ब्रिज मालिका आणली, बहुतेक प्रोसेसरांचे मल्टिप्लायर जखडून टाकले आणि मोकळ्या मल्टिप्लायरच्या प्रोसेसरांना ‘के’ हे अक्षर जोडलं. आय-फाइव्ह 2500 ची किंमत 205 डॉलर होती, 2500के ची 216. म्हणजे फुकटच्या मालालाही अकरा डॉलरची चिठ्ठी लागली. गडी नाराज झाला, पण 3.3 गिगाहर्ट्झचा तो प्रोसेसर साडेचारपर्यंत जातो हे कळल्यावर त्याने भागाकार केला आणि अकरा डॉलर मोजले.

आता सुरक्षिततेकडे वळू, कारण स्वभावाची खरी कसोटी तिथे लागते. प्रोसेसर जी वीज पितो ती ढोबळमानाने गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. गती दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवलं, तर विजेचा खर्च वीस टक्क्यांनी वाढेल असं उतावळ्याला वाटतं. हिशेबी माणूस 1.1 चा घन काढतो आणि त्याला 1.33 दिसतात. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के वीज, आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता! हे उत्तर पाहून त्याचा हात आपोआप आखडतो, आणि हा आखडलेला हातच प्रोसेसरला वाचवतो. म्हणून अस्सल ओव्हरक्लॉकर काहीही बदलण्याआधी एक वही काढतो. जसं आहे तसंच यंत्र चालवून निवांत असताना तापमान किती, पूर्ण भाराखाली किती, चाचणीत गुण किती, हे लिहितो. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवतो. मदरबोर्डची सेटिंग्ज मूळपदावर कशी आणायची, कुठला जंपर किंवा कुठली बिल्ल्याएवढी बॅटरी काढायची, हे आधी वाचून ठेवतो. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडत नाही, कारण गती चढवल्यावर व्होल्टेजचा निर्णय मदरबोर्डवर सोपवला तर तो बऱ्याचदा सढळ हाताने वाढतो, आणि दुसऱ्याचा सढळ हात याला बघवत नाही. मग मल्टिप्लायर फक्त एकाने, म्हणजे 100 मेगाहर्ट्झने वाढवतो, चाचणी घेतो, आकडा लिहितो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, म्हणजे बिघडलं तर दोष कुणाचा यावर वाद राहत नाही. यंत्र कोसळलं, तर व्होल्टेज कणभर वाढवतो किंवा एक पायरी खाली येतो. आणि भाराखाली तापमान पंच्याऐंशी-नव्वदच्या पुढे सरकू लागलं, की व्होल्टेज शिल्लक असूनही थांबतो. धाडसी माणसाला यातली एकही पायरी सहन होत नाही. तो पहिल्याच रात्री यूट्यूबवर पाहिलेले दुसऱ्याच्या चिपचे आकडे आपल्या यंत्रात भरतो आणि सकाळी दुकानदाराला फोन लावतो.

चाचणीच्या बाबतीत तर त्याचा संशयीपणा कळसाला पोचतो. विंडोज उघडलं, गेम चालली, म्हणजे यंत्र ‘स्टेबल’ झालं, असं त्याला कुणी सांगितलं तर तो कीव केल्यागत हसतो. गती जास्त आणि व्होल्टेज अपुरं असेल तर प्रोसेसर दर वेळी निळा पडदा दाखवून जाहीरपणे पडतोच असं नाही. तो मुकाट्याने एखादी बेरीज चुकवतो, आणि ती चूक महिन्याभराने एखाद्या खराब झालेल्या फाइलीत सापडते. म्हणून हा गृहस्थ प्राइम95 लावतो. हा प्रोग्राम मुळात मर्सेन नावाच्या अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे. त्याचा उपयोग असा, की काही गणितांची उत्तरं आधीच ठाऊक असतात. प्रोसेसर तीच गणितं तासन्‌तास करत राहतो आणि एक आकडा चुकला तरी पकडला जातो. गणिताच्या इतिहासात भर घालण्यासाठी केलेलं हे साधन जगभरच्या असंख्य घरांत केवळ आपला पंखा पुरा पडतोय का हे पाहण्यासाठी रात्रभर घरघरत असतं. मे महिन्यात टेबलफॅन उघड्या कॅबिनेटकडे तोंड करून ठेवलेला असतो. ‘त्या डब्याला वारा आणि आम्ही घामाघूम’ हे घरातलं वाक्य तो ऐकतो, डब्याचं तापमान दोन अंशांनी उतरल्याचं वहीत लिहितो आणि पंखा तिथेच ठेवतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्या नवशिक्याला इथे आणखी एक हिशेब करावा लागतो, जो थंड देशांतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. हवेचा कूलर काय किंवा पाण्याचा काय, दोन्ही प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील एवढंच ते ठरवतात. पुण्यात डिसेंबरच्या रात्री वीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर भाराखाली पंच्याहत्तरला थांबतो, तो नागपुरात मे महिन्यातल्या अडतीस अंशांच्या खोलीत नव्वदी ओलांडतो. बरेच प्रोसेसर शंभराच्या आसपास स्वतःच गती कमी करून जीव वाचवतात. म्हणजे हिवाळ्यात मिळवलेली जास्तीची गती ऐन उन्हाळ्यात व्याजासकट परत जाते. म्हणून जाणता माणूस आपली परीक्षा मुद्दाम उन्हाळ्यात घेतो. स्वस्त कूलर आणि बिननावाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेऊन मात्र तो पैसे वाचवत नाही. चिक्कू आणि कंजूष यांतला फरक इथे दिसतो: चिक्कूला कुठला पैसा खर्चल्याने मोठा पैसा वाचतो हे कळत असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग प्रोसेसरवर द्रवरूप नायट्रोजन किंवा हेलियम ओतणारे ते लोक कोण? 2022 च्या अखेरीस इंटेलचा एक प्रोसेसर 9 गिगाहर्ट्झच्या पुढे नेण्यात आला, द्रवरूप हेलियमने थंड ठेवून. ते काय पोस्टात पैसे ठेवणारे होते? नव्हते; पण ती मैदानी स्पर्धा आहे, तिथे यंत्र काही क्षण टिकलं तरी विक्रम नोंदवला जातो आणि प्रोसेसर जळाला तर तो स्पर्धेचा खर्च मानला जातो. घरच्या टेबलावरच्या माणसाला त्याच यंत्रावर उद्या सकाळी विजेचं बिल भरायचं असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्होल्टेज आणि उष्णता वाढली, की प्रोसेसरचं आयुष्य घटतं, वॉरंटीही हातची जाते, मग हा सगळा हिशेब तोट्याचाच नाही का? घटतं, हे खरं आहे. जोरदार प्रवाह आणि उष्णता यांनी चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात. या झिजेचं सूत्र जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. पण यातून ‘हात लावू नये’ असा निष्कर्ष निघत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर कुणी ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता, असं कंपनीनेच 2024 मध्ये सांगितलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या काळात आपल्या यंत्राचं व्होल्टेज किती आणि तापमान किती हे वहीत लिहिणारा माणूस, डोळे मिटून कंपनीवर विसंबलेल्यापेक्षा लवकर सावध होण्याची शक्यता जास्त होती. धोका आकडे पाहण्यात नसतो, न पाहण्यात असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात बोचरा आहे, आणि तो घरातूनच येतो: एवढं करून मिळवलंस काय? सेलेरॉनच्या काळी उत्तर सोपं होतं, पन्नास टक्के वेग. आता कंपन्यांनीच कोथिंबीर तोलून विकायला काढली आहे. 2023 चा आय-नाइन 14900के कारखान्यातूनच एखाद-दुसऱ्या कोअरवर 6 गिगाहर्ट्झपर्यंत चढत येतो. त्यावर नवशिक्याच्या हाती लागतात ते फार तर चार-दोन टक्के, तेही मुख्यतः चाचणीच्या गुणपत्रिकेवर. म्हणजे हा माणूस वेग मोजण्यासाठी वेग वाढवतो, असं कुणी म्हटलं तर ते नाकारता येणार नाही. पण गंमत अशी, की या टप्प्यावर खेळाडू गळतात आणि चिक्कू टिकतो, कारण त्याला बचतीची दुसरी जागा सापडलेली असते. 2020 मध्ये आलेल्या रायझन 5000 मालिकेपासून एएमडीने कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय दिली. तिने प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं खाली ओढता येतं. प्रोसेसर कमी तापतो, आणि तापमानात जागा उरल्यामुळे आपण होऊन जास्त गती घेतो. वीज कमी, पंख्याचा आवाज कमी, वेग मात्र थोडा जास्त. अर्थात, व्होल्टेज फार खाली नेलं तर बेरजा इथेही चुकतात, आणि या सोयीलाही वॉरंटीची अट लागू आहेच. म्हणून वही आणि रात्रभराची चाचणी सुटत नाही. पण ज्या छंदाला लोक उधळेपणा समजत होते, त्याचं सर्वोच्च कौशल्य आज व्होल्टेज वाचवण्यात आहे, हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा.

तेव्हा नवशिक्याने स्वतःची पात्रता तपासण्यासाठी प्रोसेसरचं मॉडेल पाहण्याआधी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहावं. तिथे दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख त्याच्या हस्ताक्षरात असेल, तर त्याने खुशाल बायोसमध्ये जावं, मल्टिप्लायर एकाने वाढवावा आणि आकडा लिहून घ्यावा. त्या नोंदी दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असतील, तर हे काम त्या दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवावं. आजवर तिला कुणी विचारलेलं नसलं तरी.