पुशिंगवाले मामा

नांदेड-लातूर पट्ट्यात हायवेखालून किंवा रुळाखालून पाण्याची लाइन न्यायची ठरली की पुशिंगवाले मामा प्रगट होतात. रस्ता न फोडता त्याच्या पोटातून पोलादी केसिंग, म्हणजे बाहेरचा पाइप, आरपार काढणं हा त्यांचा धंदा. मामा गावोगावी वेगळे असतात, पण तोंडचं वाक्य एकच. बघ्यानं विचारावं, "मामा, काय करूलालाव?" उत्तर ठरलेलं: "रोडला टाचणीबी न टोचता पाणी पलीकडं नेऊलालो!"

रस्त्याच्या अलीकडं एक खड्डा, पलीकडं एक. अलीकडच्या खड्ड्यात मशीन. केसिंगच्या आत फिरणारा औगर माती कापून मागं ओढतो, जॅक पाइपाला पुढं रेटतो. एक पाइप आत गेला की त्याला दुसरा वेल्ड करायचा. मुरमात काम झपाझप उरकतं. पावसाळ्यात काळी माती फुगून पाइप आवळते. मधेच धोंडा लागला की औगर अडकतो. मग पाइप माणूस शिरण्याइतका मोठा असेल, तर पोरगा घण-छिन्नी घेऊन आत जातो आणि मामा धीर देतात, "भिऊ नकोस, मी हाय!" हाय म्हणजे बाहेर.

रुळाखालचं काम असलं की रेल्वेचे साहेब घटकेघटकेला रुळाची लेव्हल तपासतात, गाड्या सावकाश सोडतात. नंदीग्राम एक्सप्रेस सुखरूप गेली की मामा गार्डाआधी हात हलवतात. केसिंग कशाला, असं कुणी विचारलंच तर व्याख्यान तयार: आतला पाण्याचा पाइप फुटला तरी पाणी केसिंगमधून बाहेर येतं, रुळाखालची माती वाहून जात नाही, पाइप बदलायलाही रूळ उखडावे लागत नाहीत.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पहिली पाणीगाडी १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. तहानलेलं शहर हरखलं. मामा तेवढे खट्टू. "जिंदगीभर रुळाखालून पाणी नेलं, अन् ह्यांनी रुळावरून आणलं!"

घरातही कायदा तोच: वरून काही फोडायचं नाही. पोरीचं लग्न जमवताना मुलाच्या बापाला त्यांनी विचारलंच नाही. एका बाजूनं मुलाचा उदगीरचा मामा धरला, दुसऱ्या बाजूनं मुखेडची आत्या. "पहिला पाइप लेव्हलात बसला पाहिजे, मागनं वळत नसतो," म्हणून मध्यस्थ मात्र पारखून घेतला. बापाला पत्ता लागला तेव्हा सुपारी फुटली होती.

मामांचा खरा धोंडा म्हणजे बिल. ऑफिसला कामाचा फोटो लागतो. मामांनी दिला: गुळगुळीत डांबरी रस्ता, मधोमध इस्त्रीच्या शर्टात स्वतः मामा. क्लार्कनं फोटो उलटासुलटा करून पाहिला. "ह्यात काम कुठंय?"

"दिसलं असतं तर बिल कापा म्हणलो असतो, सायब!"