घर बांधून झाले, माणसे पाठवा

प्रति,
समस्त खेळणी उत्पादक, आयातदार व घाऊक व्यापारी यांस

विषय : पुठ्ठ्याच्या घरासाठी परवडणारी व टिकाऊ माणसे मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळविण्यात येते की, माझ्या नातीचे (वय वर्षे चार) दुमजली घर बांधून तयार आहे. बुटांचे दोन खोके आडवे, एकावर एक, प्रत्येक मजल्याचे छत सात इंचांवर, ठेकेदार मी. काडेपेट्यांच्या कपाटाचे खण ओढले की उघडतात. न्हाणीघरात टूथपेस्टच्या टोपणाची बादली आहे. तुळशीबागेतून पितळी चूल, जाते आणि बंब आणला आहे. सोय सगळी झाली, राहणारे तेवढे मिळेनात.

आपल्या दुकानी विचारले की एकच बाई पुढे केल्या जातात. बार्बी १९५९ साली अमेरिकेत अवतरली ती ११.५ इंचांची, आणि तिच्या नकला करणाऱ्यांनीही ते माप शिरसावंद्य मानले. हा झाला खऱ्या माणसाचा साधारण सहावा हिस्सा. बाहुलीघराचे रूढ माप बारावा हिस्सा, फुटाला एक इंच. म्हणजे मोठे माणूस साडेपाच-सहा इंचांत बसले पाहिजे. या बाई तळमजल्यावर राहायला आल्या तर त्यांचे डोके थेट वरच्या बिऱ्हाडात निघेल. शिवाय पाय टाचा उचललेले. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उभे राहणे नाही. त्या जात्यावर बसणार कधी आणि दळणार काय?

तरीही जत्रेतून अशीच एक स्वस्तातली नक्कल आणली. अंग पोकळ, बोटाने दाबले की पोटाला खळगा. नातीने पाटावर बसवायला म्हणून गुडघा दुमडला, तर कमरेच्या भोकात नुसता अडकवलेला पाय अख्खा हातात आला. केस फक्त कडेकडेने ओवलेले. वेणी घालायला भांग पाडला तर मधे लख्ख टक्कल! नातीने क्षणभर विचार केला आणि बाईंना आजोबा करून टाकले.

आजोबा असे अपघातानेच मिळायचे, कारण तुमच्या कारखान्यांत कोणी पंचविशी ओलांडतच नाही. आजी नाही, पोट सुटलेले बाबा नाहीत, शेंबडा भाऊ नाही. सगळ्या लग्नाला निघालेल्या.

कापडी बाहुल्यांविषयी न बोललेले बरे. आमच्याकडे बाहुलीला रोज आंघोळ असते आणि कापूस वाळेपर्यंत दुसऱ्या दिवशीची आंघोळ येते.

सरकारला दोष देण्याची सोय नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचे ६० झाले, २०२३ मध्ये ७०. परदेशी लाकडी कुटुंब इथे येईपर्यंत आमच्याच कुटुंबाच्या किराण्याला भारी पडते, ते यामुळे. पण मग मैदान तुम्हालाच मोकळे होते ना? तुम्ही काय केलेत, तर त्याच उंच बाईंना साडी नेसवलीत.

आमच्या आजीच्या पिढीत ठकी होती. एकाच लाकडातून कोरलेली, हात अंगालाच चिकटलेले, त्यामुळे निखळायला काही नाहीच. ती पडली तर काळजी फरशीची. ते लाकूड काही संपलेले नाही. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळे मिळतात, भातुकली मिळते. चन्नपटणचे कारागीर लाकूड गरगर फिरवत त्यावर लाखेची कांडी टेकवतात. घासल्याच्या उष्णतेने लाख वितळून रंग अंगावर चढतो. असे एक गुळगुळीत धड आणि वर वाटोळे डोके, एवढ्यात माणूस होते. अंबाडा काढला की आजी, मिशी काढली की बाबा. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आयएसआय चिन्हाच्या सक्तीतून सूटही आहे. प्रश्न फक्त घाऊक ऑर्डर कोणी द्यायची, हा आहे. ती आपण द्यावी.

मागणी पुढीलप्रमाणे : आजी एक, आईबाबा, पोरे दोन. उंची सहा इंचांच्या आत. आपल्या पायांवर उभी राहणारी. तोंडात घातल्यास रंग सुटू नये, आणि संबंध कुटुंब एका पिझ्झाच्या किमतीत यावे.

तूर्त घरात कपड्यांचे लाकडी चिमटे नांदत आहेत. स्केचपेनने त्यांची तोंडे मीच काढली. वागायला गरीब आहेत. मात्र दोरीवर चिमटे न उरल्याने काल माझा पायजमा समोरच्या इमारतीच्या छज्ज्यावर गेला असून, तो उतरविण्याचा खर्च आपणाकडून वसूल का करू नये, याचा खुलासा उलट टपाली करावा.

आपला,
ठेकेदार आजोबा

प्रत माहितीस्तव : सौ., चिमट्यांच्या संदर्भात.