स्वतःच्या शब्दांत

सहावीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला की पहिल्या पाच-सात वह्यांतच कळून चुकतं, वर्गातल्या सगळ्या मुलांची आई एकच आहे. ती पहाटे पाचला उठते, सडा-रांगोळी करते, दिवसभर राबते आणि शेवटच्या परिच्छेदात तिचे पांग काही फिटत नाहीत. यातल्या निम्म्या आया चौथ्या मजल्यावर राहतात. त्या सडा कुठे घालत असतील, हे तपासणाऱ्याने विचारायचं नसतं. सूर्योदयाचंही तेच. मुलं सकाळच्या शाळेला रिक्षात पेंगत येतात, पण वहीत मात्र क्षितिजावर केशरी रंगाची उधळण झालेली असते. आत्मकथन तर फाटक्या पुस्तकाचं, बंद पडलेल्या घड्याळाचं, शाळेच्या घंटेचं. 'दचकलास ना? अरे, मीच बोलतोय' असं म्हणून घड्याळ सुरू होतं आणि दोन पानं थांबत नाही. ज्याच्या हातात पेन आहे, त्याला त्याची स्वतःची हकिकत कुणी विचारलेलीच नसते.

यात पोरांचा काय दोष? बाई फळ्यावर मुद्दे लिहितात, मुद्द्यांचा निबंध करून देतात, मुलं तो पाठ करतात आणि परीक्षेत तोच येतो. जो मुलगा बाईंचा निबंध काना-मात्रेसकट परत आणून देतो, त्याला दहापैकी आठ. राहिलेले दोन कापायचे, कारण भाषेत पैकीच्या पैकी द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणजे बाईंनी आपल्याच निबंधाला आठ गुण दिले, आणि शिवाय दोन कापले! इतकं निःपक्षपाती परीक्षण साहित्य संमेलनातही व्हायचं नाही.

मग एखादी वही अशी निघते की तिच्यात जेमतेम चार ओळी असतात. 'माझी आइ रवीवारी दुपारी झोपते. तेव्हा आम्ही टिव्हिचा आवाज बंद करून नूसती चित्रं बघतो.' एवढं वाचल्यावर ते घर दिसतं, ती थकलेली बाई दिसते, कोपऱ्यात बसलेली पोरंही दिसतात. पण लाल पेनाला हे काही दिसत नाही. त्याला ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि अठराच्या अठरा नियम जणू या पोरावर नेम धरून बसलेले असतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहा असा नियम, आणि पोरं ज्याच्यावाचून एक वाक्य पुरं करत नाहीत तो 'आणि'च त्याला अपवाद. ते पोर काय करणार? चार ओळींभोवती सहा लाल गोल पडतात आणि खाली शेरा येतो : 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या. विस्तार हवा.' दहापैकी चार.

बाईंनाही बोल लावू नये. पन्नास-साठ वह्या, त्यात मतदारयादीचं काम, आणि मुख्याध्यापकांना तपासलेली वही सहीसाठी उद्या टेबलावर हवी. अशा वेळी डोळा जे पटकन सापडतं तेच शोधतो. चुकलेली वेलांटी पटकन सापडते, चांगलं वाक्य सापडायला आधी वाचावं लागतं.

आता खरी गंमत. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१०च्या सुमारास आलं, तेव्हा ठरलं की पहिली ते आठवीच्या मुलांना नुसते आकडे नकोत, प्रत्येकाच्या वेगळेपणाची वर्णनात्मक नोंद करावी. कल्पना नामी होती. थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांत फिरू लागल्या. विषयवार, इयत्तावार, फक्त उतरवून काढायच्या. त्यात हटकून एक नोंद असते : 'स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो.' मुलाने निबंध गाइडातून उतरवला, बाईंनी शेरा यादीतून उतरवला, आणि दोघांनी एकमेकांना न भेटता वर्ष पार पाडलं.

दहावीत हाच खेळ मोठ्या मैदानावर चालतो. घोकंपट्टी मोडावी म्हणून प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांत २४ उपयोजित लेखनाला, त्यातले ८ प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनाला. धड्यांवर 'स्वमत' लिहायलाही प्रश्न आले. बाजाराने हे आव्हान हसत स्वीकारलं. आता गाइडात 'स्वमत' या मथळ्याखाली तुमचं मत छापलेलं मिळतं, तेही शब्दमर्यादेत.

माझं मत विचाराल तर (हे छापील नाही) रोग विषयांत आहे. 'माझी आई' म्हटलं की मूल आईकडे बघतच नाही, ते मोठ्या माणसांना काय आवडेल तिकडे बघतं. म्हणून गुरुजनहो, या महिन्यात एकदा 'आमच्या घरी सकाळी आंघोळीचा नंबर कसा लागतो' हा विषय द्या. मुद्दे देऊ नका, लाल पेन दप्तरातच राहू द्या. आणि गाइडवाल्यांच्या कानावर जायच्या आत वह्या गोळा करा.