चार हक्काचे वाचक

मराठी लेखकाला वाचक नाही, ही अफवा आहे. १९५४चा कायदाच सांगतो: पुस्तक निघालं की तीस दिवसांत एकेक प्रत स्वखर्चाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना धाडा. बोरिवलीत मीच लेखक, मीच प्रकाशक, मीच हमाल. चेन्नईचं कन्नेमारा ग्रंथालय माझ्या कवितासंग्रहाच्या वाटेकडे डोळे लावून बसलंय, या जाणिवेने ऊर भरून आला.

पाचशेतल्या चार अशा मार्गी लागल्या. सासुरवाडीला नऊ गेल्या, अर्थात सप्रेम भेट. उरलेल्या दिवाणात. प्लायवूड जरा वाकलंय, पण साहित्यावर इतकं निवांत झोपणारे आम्हीच. (समीक्षक वगळून.)

सरकारला नम्र विनंती, कायदा थोडा पुढे न्यावा. प्रत्येक हाउसिंग सोसायटीत मेन्टेनन्सच्या बिलासोबत घरटी एक कवितासंग्रह सक्तीचा करावा. न घेणाऱ्याचं पार्किंग काढून घ्यावं. खर्च सिंकिंग फंडातून, नावही शोभतं.

दरम्यान रद्दीवाला येऊन गेला. एक प्रत हातात घेऊन उलटसुलट पाहिली, अंगठ्याने मुखपृष्ठ चोळलं.

"काका, कव्हर फाडून ठेवा. लॅमिनेशनवालं चालत नाही."

पुस्तकावर आलेला हा पहिला लक्षपूर्वक अभिप्राय. दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ साधंच ठेवणार आहे.