टिमोथीराव, जरा नाकाबाहेर राहा!

मा. टिमोथीराव गवत,
मु. पो. आमच्या घरामागचं कुरण, मँचेस्टर यांस,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, जून उजाडला आणि आपण न बोलावता पुन्हा माझ्या नाकात मुक्कामाला आलात.

खरं तर इथे आल्यावर पहिले काही उन्हाळे मी आपल्याच कुरणात चटई टाकून लोळले, पोहे खाल्ले, डुलकी काढली. एक शिंक नाही. आपण घाई केली नाहीत, हा आपला सुसंस्कृतपणा. त्या शांततेत माझं शरीर आपल्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करत होतं आणि ती मास्ट पेशींवर चढवून ठेवत होतं, हे मला कोण सांगणार? तयारी पुरी झाली, एके सकाळी आपला कण नाकात शिरला आणि हिस्टामिनचा बार उडाला. परदेशातून आलेल्यांना इथला परागज्वर जडायला असेच काही हंगाम जावे लागतात म्हणे. म्हणजे इथलं पारपत्र हातात पडायच्या आत आपण मला इथली करून टाकलंत. एकही फॉर्म न भरता! ऑफिसातले जे सहकारी हवामानापलीकडे माझ्याशी बोलत नसत, ते आता लाल डोळ्यांनी ‘तुलाही का?’ म्हणून विचारतात आणि खिशातून गोळी काढून देतात.

आपल्या घराण्याविषयी मला आदरच आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, ऊस ही सगळी आपलीच भावकी, आणि त्यांच्याच जिवावर माझा पिंड पोसला. दूर्वाही त्यातल्याच. गणपतीला एकवीसची जुडी वाहताना आमच्या घरात कधी कोणी शिंकलं नाही, कारण आम्ही त्या कोवळ्या, फुलोरा यायच्या आत खुडतो. आपल्याला मात्र गुडघ्याच्या वर वाढू देतात. परवा हिय्या करून एक तुरा जवळून पाहिला. बाजरीच्या कणसाची वाळलेली, किडकिडीत प्रत. त्यावर जांभळट परागकोश दोऱ्यांना टांगल्यासारखे लोंबत होते. बोटाने टिचकी मारली तर फिकट धूर निघाला. पुढचं मला दिसलं नाही, डोळे मिटले होते.

माझी मुख्य तक्रार आपल्या लग्नव्यवहाराबद्दल आहे. गुलाब, झेंडू, अगदी शेवगासुद्धा मधमाश्यांना मेहनताना देऊन परागकण नेमक्या पत्त्यावर पोचवतो. आपण रंगाचा, वासाचा, मधाचा खर्च वाचवलात आणि सगळा संसार वाऱ्यावर सोडलात. वधूचा पत्ता चुकला की वरात माझ्या घशात.

या देशाला आपला उपद्रव नवा नाही. जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ साली लंडनच्या वैद्यकसभेत स्वतःच्याच डोळ्यांची आणि छातीची ही रडकथा वाचली. रक्त काढणं, थंड पाण्याची आंघोळ, अफू, सगळं करून झालं होतं. पुढे १८२८ साली त्यांनी नोंदवलं की हा रोग गरिबांत आढळत नाही, तो मध्यम आणि वरच्या वर्गातच दिसतो. (हे वाचल्यापासून मी जरा ताठ मानेने शिंकते.) आपलं नाव गुन्ह्यात पक्कं गोवलं ते आमच्या मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. या गृहस्थांनी परागकण स्वतःच्या नाकात घातले, कातडी खरवडून त्यावर चोळले आणि उंचावरच्या हवेतही ते सापडतात का, हे पाहायला पतंग उडवले. १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. संक्रांतीखेरीज इतक्या गंभीरपणे कोणी पतंग उडवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता माझी दिनचर्या आपल्या तालावर चालते. सकाळी उठून पंचांगाऐवजी परागांचा अंदाज बघायचा. एक घनमीटर हवेत गवताचे पन्नास कण भरले की ‘जास्त’, दीडशेच्या वर ‘अति जास्त’. आजीच्या हिशेबाने निघताना शिंक आली की पाच मिनिटं टेकून मग बाहेर पडावं. तो नियम इथे लावला तर जून-जुलैत हा देश घराबाहेर पडणारच नाही. नाकातला स्टिरॉइडचा फवारा हंगामाच्या दोन आठवडे आधीच सुरू करावा लागतो. डाव्या नाकपुडीला उजवा हात, मान किंचित खाली, आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध थेट घशात. सेट्रिझिन दूध-पावासोबत सुपरमार्केटात मिळते. घरी आलं की कपडे बदलायचे, केस धुवायचे, खिडक्या लावायच्या. आई फोनवर सांगते, ‘नाकपुड्यांना तूप लाव.’ मी हसले. मग इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला वाचला: नाकपुड्यांभोवती व्हॅसलीन लावा, पराग त्याला चिकटतात. आईला हे अजून कळवलेलं नाही.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते धुण्याचं. या गावात वर्षभर पाऊस. मोठ्या मिनतवारीने कडक ऊन पडतं, तेव्हा चादरी दोरीवर घालायच्या नाहीत, कारण आपण त्यांवर येऊन बसता. मँचेस्टरमध्ये राहून पाऊस पडावा म्हणून देवाला साकडं घालणारी मी बहुधा एकटीच असेन.

तरी कायदेशीर मार्ग मोकळा आहे, याची नोंद घ्यावी. १९११ मध्ये लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये आपलाच अर्क टोचून रुग्णांच्या शरीराला आपली सवय लावायला सुरुवात केली. आता त्याची गोळी मिळते. रोज एक जिभेखाली, सुमारे तीन वर्षं, तीही हंगामाच्या कित्येक महिने आधीपासून. डॉक्टरांनी माझं नाव पुढे पाठवलं आहे. म्हणजे आपल्याला टाळण्यासाठी मी आपल्यालाच रोज सकाळी उपाशीपोटी चाखणार. तोवर निदान रविवारची सुट्टी घ्यावी, ही विनंती.

आपली नाइलाजाने,
घर क्रमांक सांगत नाही, वारा सांगेलच

प्रत माहितीसाठी: श्री. बर्च वृक्ष (मार्च ते मे). आपला अर्ज वेगळ्या फाइलीत आहे.